पाव वळसा

क्लाइपेदाच्या बंदरावर भंगार विकणारा झिग्मास म्हणाला होता, "चालतं."
चालतं म्हणजे नेमकं काय, ते मी विचारलं नाही.
साठ युरो दिले, पेटी टॉवेलात गुंडाळली
आणि कौनासच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसले.
शेजारच्या बाईनं विचारलं, "मांजर?"
मी म्हटलं, "अणुघड्याळ."
ती खिडकीकडे सरकली.

मोबाइलच्या मनोऱ्यावरून उतरवलेली पेटी.
वीस हिवाळे वाऱ्यात उभे काढलेले.
पाठीवर कुणीतरी मार्करनं लिहिलं होतं: संशयास्पद.
झिग्मासनं किमतीचं लेबल बरोबर त्यावरच चिकटवलं होतं.

चोवीस व्होल्ट दिले.
आधी अधाशासारखा करंट ओढला तिनं,
मग अंग तापलं तशी भूक निवली.
दहा मिनिटं. वीस.
आता हिरवा दिवा लागायला हवा होता.
चहा झाला, दुसरा चहा झाला.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढलीत मी.
बिघाडावर रागवायचं नसतं,
त्याला बोलतं करायचं असतं.
झाकणाचे अकरा स्क्रू बशीत काढून ठेवले
(बारावा आधीच कुणी नेलेला,
म्हणजे हिच्यापुढे बसलेली मी पहिली नव्हे).
सुजलेले दोन कपॅसिटर बदलले. डाख पुन्हा दिले.
दाताच्या डॉक्टरचा आरसा आत घालून पाहिलं:
रुबिडियमचा दिवा जिवंत होता,
बीटच्या गार सुपासारखा गुलाबी-जांभळा.
मग दुखतंय कुठं?

ऑसिलोस्कोप लावला तेव्हा दिसलं.
एक रेघ चढत होती, चढत होती,
आणि धप्पकन पडत होती. पुन्हा चढत होती.
करवतीचे दात.
आतला क्वार्ट्झ चाचपडत होता वर-खाली,
सेकंदाला सहा अब्ज त्र्याऐंशी कोटी शेहेचाळीस लाख आणि वर काही
अशी ती एकच जागा शोधत,
जिथं अणू "हो" म्हणतात.
अणूंचं काहीच चुकलं नव्हतं.
क्वार्ट्झ म्हातारा झाला होता,
त्याचा हात वीतभर कमी पडत होता
आणि हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

माझ्या वडिलांनी स्वयंपाकघरातलं घड्याळ
कधीच मॉस्कोवर लावलं नाही.
रेडिओ एक सांगायचा, भिंत दुसरं.
शाळेला निघताना मी मनात बेरीज करायची.
एकदा मुख्याध्यापिका घरी आल्या,
भिंतीकडे पाहत राहिल्या.
वडील म्हणाले, "बंद पडलंय ते."
टिकटिक आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती.
त्यांनाही.

धातूचा पेचकस इथं चालत नाही,
जवळ नेला तरी सूर बिघडतो.
स्वेटरची प्लॅस्टिकची सुई घेतली, टोक ब्लेडनं चपटं केलं,
ट्रिमरच्या खाचेत बसवली.
पाव वळसा उजवीकडे. करवत तशीच.
परत आणली.
पाव वळसा डावीकडे,
मग केसभर अजून,
श्वास धरून.

रेघ चढली, चढली,
आणि पडायचं विसरली.

हिरवा!
जिन्यात ओरडून व्हिदुतेला वर बोलावलं.
तिनं दिवा पाहिला, मला पाहिलं, म्हणाली,
"डांगुओले, तुला जायचंय कुठं एवढं वेळेवर?"
कुठंच नाही.
तिला कॉफी दिली.

रात्री उपग्रहाच्या ठोक्याशी ताडून पाहत बसले.
तीन चाळीसला दिवा गेला, चार मिनिटांनी परत आला.
पाच वाजून बाराला पुन्हा.
वहीत दोन्ही वेळा टिपल्या,
सगळे डाख भिंगातून तपासले,
झिग्मासच्या नावानं दोन शब्द उच्चारले.
तिसऱ्यांदा दिवा गेला तेव्हा पाठीमागं
फ्रिज घुर्र करून सुरू झाला होता.
काखेत कळसा.

पिन काढली फ्रिजची.
लोणी, दूध, कालचे उकडलेले बटाटे
खिडकीबाहेरच्या कठड्यावर मांडले, बाहेर उणे सहा.
उद्या चांगला फिल्टर करीन.
एक कावळा बटाट्यांकडे पाहतोय,
आणि मला उठवत नाहीये खुर्चीतून.